तक्त्यातून निसटलेला नदीकाठ : किनवट तालुक्यातल्या एका वनसर्वेक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या दक्षिण काठावर आहे. पलीकडचा काठ विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. बाकी सगळं जसं घडलं तसं सांगतो, आमच्या चुकांसकट.

किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे इथली भाषा, नाती, झाडांची नावं आणि जंगलाचे जुने कागद, सगळ्यात अजून तेलंगणाचा अंश आहे. गावात गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबं, शेजारी बंजारा समाजाचा तांडा. घरात गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी आणि तेलुगू. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगतोय, कारण पुढे आमचा निम्मा घोळ भाषेतच झाला.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ३(१)(झ) प्रमाणे या ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला होता. क्षेत्र साधारण ६४० हेक्टर. हक्क मिळाला की तो राखायची जबाबदारीही येते. ग्रामसभेने समिती नेमायची, समितीने जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा, आणि तो आराखडा पुढे वनखात्याच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे जंगलात कोणती कामं कशी करायची याच्या खात्याच्या योजनेशी, जोडला जायचा, असं कायद्याखालच्या नियमांत आहे. आराखडा करायचा म्हणजे आधी जंगलात काय आहे हे मोजायला हवं. त्या मोजणीत मदत करायला आमच्या संस्थेला बोलावलं. आम्ही दोघं होतो. मी नांदेडचा. माझा सहकारी परभणीचा, पण त्याने आधी काही वर्षं कोकणात खाडीकाठच्या कांदळवनांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडीच्या, मोजणीवर काम केलं होतं. त्याचा तो अनुभव आमच्या उपयोगी पडेल असं सुरुवातीला कुणाच्याच मनात आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

जंगल मुख्यतः सागाचं. सागासोबत धावडा, ऐन, मोह, टेंभुर्णी, चारोळी, सालई, पळस, बिब्बा. उतारावर कुठे कुठे बांबू. आणि नदीला लागून सुमारे ६ किलोमीटर लांबीचा एक अरुंद पट्टा. कुठे २० मीटर रुंद, कुठे ७०. सरासरी ४० धरली तर २४ हेक्टर होतो. तिथे सागाचं राज्य नाही. तिथे अर्जुन, जांभूळ, करंज आणि उंबर आहेत, खाली ओल धरून निर्गुडी आणि शेरणीची झुडपं आहेत. मे महिन्यात वरचं जंगल उघडंबोडकं होतं, पायाखाली सागाची पानं कुरकुरतात. चार पावलं खाली उतरलं की गारवा लागतो. गावाची जनावरं दुपारी तिथेच बसतात.

पहिली फेरी

पहिली मोजणी आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत केली. पद्धत नेहमीचीच. नकाशावर ४०० मीटर बाय ४०० मीटरची जाळी टाकली, म्हणजे दर १६ हेक्टरांना एक बिंदू, ६४० हेक्टरांत ४० बिंदू. प्रत्येक बिंदूवर ३१.६२ मीटर बाजूची, म्हणजे ०.१ हेक्टरची चौकट आखायची. तिच्यातलं ३० सेंटिमीटरांहून जास्त घेराचं प्रत्येक झाड मोजायचं, घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यायचा. आत झुडपांसाठी ३ बाय ३ मीटरची आणि गवत-रोपांसाठी १ बाय १ मीटरची छोटी चौकट. गावातली चार मुलं आमच्याबरोबर होती. टेप धरायला, आकडे लिहायला ती दोन दिवसांत तयार झाली.

काम नीट झालं असंच आम्हाला वाटत होतं. आकडे नांदेडला नेले, संगणकावर भरले, तक्ते काढले. त्यावरून आराखड्याचा कच्चा मसुदाही लिहिला. त्यात नदीकाठाबद्दल एकच ओळ होती : "नदीलगत विरळ व झुडपी वन, सागरोपणास योग्य."

ही ओळ मी लिहिली होती.

अडचण

एप्रिलच्या मध्यात मसुदा ग्रामसभेत वाचला. मोहफुलं वेचून संपत आली होती, तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर होता, म्हणून सभा संध्याकाळी घेतली. मी तक्ता वाचत होतो. साग इतके, धावडा इतके, ऐन इतके. मागे बसलेल्या एक अक्का, वय साठीच्या पुढचं, मध्येच म्हणाल्या, "सर, नदीचं जंगल कुठं हाय ह्याच्यात?"

मी तक्त्यात बघितलं. अर्जुन : १. जांभूळ : २. करंज : काही नाही.

"एकच अर्जुन?" अक्का उभ्या राहिल्या. "आमच्या घाटापासून डोहापर्यंत गेलं तर तेवढ्यातच मोजून थकाल तुमी. अन् तिथं साग लावायलाव? साग पाण्यात पाय ठिऊन उभा राहतो का?"

सभेत कुणी हसलं नाही. लोक गप्प बसून माझ्याकडे बघत होते. अक्कांचं बरोबर होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या तक्त्याला.

त्या रात्री समाजमंदिराच्या ओट्यावर बसून आम्ही दोघांनी मूळ कागद पुन्हा चाळले. तीन चुका सापडल्या. तिन्ही सुट्ट्या बघितल्या तर किरकोळ वाटतात. पण तिन्हींनी मिळून २४ हेक्टरांचं जंगल पुसून टाकलं होतं.

पहिली चूक जाळीची. ६४० हेक्टरांत २४ हेक्टर म्हणजे पावणेचार टक्के. ४० बिंदूंपैकी त्या पट्ट्यात सरासरीने दीड बिंदू पडणार. जाळीला सगळे हेक्टर सारखे. जंगल मोठ्या चौकोनी तुकड्यात असेल तर ते सापडतं, दोरीसारखं लांबट आणि अरुंद असेल तर बिंदूंच्या मधून निसटतं. उपग्रहाच्या सरकारी नकाशांचंही तसंच आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभाग ज्या चित्रांवरून वनाच्छादन ठरवत आला त्यांचा एक ठिपका २३.५ मीटरचा, आणि १ हेक्टरहून लहान तुकडा नकाशात धरला जात नाही. २०-३० मीटर रुंदीची झाडांची रांग तिथे एका बाजूला वाळूत आणि दुसऱ्या बाजूला सागात मिसळून जाते.

दुसरी चूक आमच्या हाताने झालेली. पट्ट्यात प्रत्यक्षात दोन बिंदू पडले होते. त्यातला एक निम्मा वाळूत, निम्मा काठावर आला. तिथे पोचलेल्या गटाने, म्हणजे मीच असलेल्या गटाने, "इथे झाडंच नाहीत" म्हणून चौकट ५० मीटर वर सरकवली आणि ती सागात नेली. त्या वेळी हे शहाणपणाचं वाटलं होतं. पण बिंदू जिथे पडला तिथेच चौकट हवी. तिथे वाळू असेल तर वाळू लिहायची, आणि वाळूच्या कडेला अर्जुन असेल तर अर्जुन. आपल्या सोयीने चौकट हलवली की तक्त्यात जंगल उरत नाही, आपली आवड उरते.

तिसरी चूक नावांची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. एका गटाच्या मुलाने कागदावर "सादडा" लिहिलं होतं, दुसऱ्या गटातल्याने "मद्दी". आमच्या संगणकावरच्या यादीत सादडा म्हणजे ऐन, मद्दी म्हणजेही ऐन. सगळं ऐनात जमा झालं. पण सादडा काही लोक ऐनाला म्हणतात, काही अर्जुनाला. तेलुगूत तर दोन्ही मद्दीच : ऐन म्हणजे नल्ल मद्दी, काळी, आणि अर्जुन म्हणजे तेल्ल मद्दी, पांढरी. मुलाने विचारलं असतं तर आजीने लगेच सांगितलं असतं, काळी की पांढरी. आम्ही विचारायला सांगितलंच नव्हतं. जंगलात ही दोन झाडं कुणीही वेगळी ओळखतं. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चिरलेली. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, पोपडे सुटणारी. दोघांच्या फळाला पाच पंख, पण ऐनाचे रुंद आणि अर्जुनाचे अरुंद. जंगलात वेगळी असलेली झाडं आम्ही नांदेडच्या खोलीत पंख्याखाली बसून एक केली होती.

पर्याय

दुसऱ्या दिवशी समितीबरोबर बसलो. वनरक्षकांनाही बोलावलं होतं, आणि ते आले. चार पर्याय समोर होते.

मसुद्यातली ओळ बदलून नदीकाठावर एक चांगला परिच्छेद लिहायचा, हा सगळ्यात सोपा. समितीतल्या दोघातिघांना तेवढं पुरेसं वाटत होतं, कारण तेंदूपत्त्याचे दिवस म्हणजे वर्षाच्या कमाईचे दिवस. पण वनरक्षकांनी एक गोष्ट सांगितली ती मला पटली. आराखडा वर गेला की तिथे परिच्छेद कुणी वाचत नाही, तक्ता वाचतात. तक्त्यात अर्जुन १ असेल तर अर्जुन १ च राहतो.

दुसरा पर्याय जाळी दाट करायचा. २०० मीटरची केली तर १६० चौकटी झाल्या असत्या आणि त्यातल्या साधारण सहाच नदीकाठावर आल्या असत्या. चौपट कष्ट करून सहा चौकटी. हा लगेच सोडला.

तिसरा, उपग्रहाच्या चित्रांवरून पट्टा आखायचा. याचा अर्धा उपयोग होता. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा आहे आणि चित्रं फुकट मिळतात. मे महिन्याचं चित्र उघडलं तेव्हा नदीच्या कडेने हिरवी रेघ लख्ख दिसली, कारण साग तेव्हा निष्पर्ण असतो आणि काठावरची झाडं हिरवी असतात. पावसाळ्यानंतरच्या चित्रात तीच रेघ सगळ्या हिरव्यात हरवलेली. पट्टा कुठून कुठपर्यंत आहे हे त्यावरून ठरलं. पण झाड कोणतं, केवढं, खाली रोपं आहेत की नाहीत, हे चित्र सांगत नाही.

चौथा पर्याय माझ्या सहकाऱ्याने सुचवला. कोकणात खाडीकाठी कांदळवन मोजताना ते पाण्यापासून जमिनीकडे आडव्या रेषा आखायचे. तिथे झाडं भरती-ओहोटीच्या पाण्याप्रमाणे रांगा करून उभी असतात, पाण्याच्या तोंडाशी एक जात, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. काठाला समांतर चाललं तर एकच रांग दिसते, काठ ओलांडून आडवं गेलं तर सगळ्या रांगा सापडतात. आपल्या नदीला भरती नाही, पण पूर आहे. आणि पुराचं पाणी जिथवर चढतं आणि जितके दिवस थांबतं, त्याप्रमाणे इथेही झाडं आपापल्या पायरीवर उभी आहेत. शेरणी वाळूत, करंज आणि अर्जुन काठाच्या उतारावर, जांभूळ जरा वर, मोह सगळ्यात वरच्या सपाटीवर, आणि मग साग सुरू.

चौथा पर्याय घेतला.

लगेच करायचं की ऑक्टोबरात

यावर बराच वेळ गेला, आणि आमचा निर्णय अर्धाच बरोबर होता.

मे महिन्यात पाणी कमी असतं, काठावर उतरता येतं, झुडपं विरळ असतात, मोजणी सोपी जाते. पण रोपं? जांभूळ जून-जुलैत पिकतं आणि बी पडलं की लगेच रुजतं. ऑक्टोबरात मोजलं तर त्या वर्षीची रोपं दिसतात. मे पर्यंत त्यातली कितीतरी उन्हाने आणि जनावरांच्या खुरांनी गेलेली असतात. उलट ऑक्टोबरात काठावर चिखल, गवत पुरुषभर, आणि साप.

दोन फेऱ्या करायच्या हे तेव्हाच ठरवायला हवं होतं. आम्ही मे धरला, कारण आराखड्याची तारीख गाठायची होती. माणसं मिळणार होती ती फक्त दुपारनंतर. पहाटेपासून सगळे तेंदूपत्ता तोडायला, मग पुडे बांधायला. म्हणून रोज चार वाजता सुरू करायचं आणि दिवस मावळेपर्यंत थांबायचं, असं ठरलं.

काय केलं

६ किलोमीटर काठावर दर २५० मीटरला एक, अशा २४ रेषा. पहिली रेषा कुठे टाकायची हे आपण ठरवायचं नाही, नाहीतर आपण चांगली झाडी बघूनच सुरुवात करतो. समितीतल्या एका मुलीने आकड्यांच्या चिठ्ठ्यांमधून एक उचलली, तेवढे मीटर सोडून पहिली रेषा, आणि तिथून पुढे दर २५० मीटरला एक. रेषेची रुंदी १० मीटर. लांबी मात्र ठरलेली नाही. खाली जिथे पहिलं खोड असलेलं झुडूप मुळं धरून आहे तिथून सुरू, आणि वर सागाचं जंगल लागेपर्यंत.

"सुरू कुठून" यावर म्हाताऱ्या माणसांशी चांगली चर्चा झाली. मी म्हणत होतो पाण्याच्या कडेपासून. एक मामा म्हणाले, "पाण्याची कड मे मधली का श्रावणातली?" वरच्या बाजूला इसापूर धरण आहे, तिथून पाणी सुटलं की कड एका दिवसात हलते. वनहक्काच्या दाखल्यात चतुःसीमेत "उत्तरेस नदी" एवढंच लिहिलेलं. म्हणून आराखड्यात ठळक लिहून ठेवलं की मोजणीची रेषा ही हद्दीची रेषा नाही. ते वाक्य नसतं तर उद्या कुणीतरी रेषेच्या सुरुवातीला ठोकलेल्या आमच्या शून्याच्या खुंटीलाच हद्द म्हटलं असतं.

नावांसाठी या वेळी आधी दोन दिवस दिले. अक्का आणि आणखी दोन बायकांनी फांद्या, साली, फळं आणून ओट्यावर मांडली. प्रत्येकासमोर मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू नावं लिहिली. "सादडा" हा शब्द कागदावर वापरायचाच नाही असं ठरलं. काळी किंवा पांढरी एवढंच लिहायचं. पहिल्या फेरीतल्या ज्या सात चौकटींत "सादडा" किंवा "मद्दी" जास्त आली होती तिथे पुन्हा जाऊन खात्री केली. झाडांवर रंगाचे आकडे होते म्हणून हे जमलं. आतल्या नाल्यांच्या कडेनेही अर्जुन निघाले, जे तक्त्यात ऐन होते.

मोजताना दोन बारीक गोष्टी सांभाळल्या. जुन्या अर्जुनाच्या बुडाला मुळांच्या भिंती निघालेल्या असतात, त्यावर टेप गुंडाळला की घेर उगाच फुगतो. तिथे फुगवटा संपतो त्याच्या वर मोजायचं आणि उंची लिहायची. उतारावरच्या झाडाची १.३७ मीटर उंची वरच्या बाजूने धरायची. आणि हिशेबात, प्रत्येक रेषेची हेक्टरी झाडं काढून त्यांची सरासरी करायची नाही. रेषा कमीजास्त लांबीच्या आहेत, तशी सरासरी केली तर आखूड रेषांना नको तेवढं वजन येतं. सगळ्या रेषांवरची झाडं एकत्र मोजायची आणि सगळ्या रेषांच्या एकूण क्षेत्राने भागायचं. माझ्याकडून ही चूक पहिल्या हिशेबात होता होता राहिली.

२० रेषा झाल्या आणि पाऊस आला. उरलेल्या चार दिवाळीनंतर पूर्ण केल्या. त्याच वेळी आधीच्या आठ रेषांवर रोपं पुन्हा मोजली.

एक भांडण

सोळाव्या रेषेवर काठाला लागून एक छोटं शेत आहे. त्या दादांचा वैयक्तिक वनहक्काचा दावा अजून प्रलंबित. आम्ही टेप घेऊन, वनरक्षकांना सोबत घेऊन त्यांच्या बांधापाशी उभे राहिलो, तेव्हा त्यांना जे वाटायचं तेच वाटलं : आपल्याला उठवायला आलेत. त्यांनी खुंट्या उपटून नदीत टाकल्या. चूक त्यांची नव्हती. आम्ही त्यांच्या घरी आधी गेलोच नव्हतो. सभेला ते येत नाहीत, म्हणून त्यांना काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष आणि मी, वनरक्षकांशिवाय, त्यांच्या अंगणात बसलो. शेत रेषेबाहेर ठेवलं, रेषा बांधापासून मोजली आणि तसं नोंदवलं. दादा शेवटी टेप धरायला आले. पण त्यांच्या मोटारीच्या पाइपाखाली काठ ढासळतोय, त्यावर काय करायचं हा विषय काढला की ते आजही बोलणं टाळतात. आणि त्यांच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत तो काढू नये असं मलाही वाटतं.

काय दिसलं

अर्जुन भरपूर निघाले, अक्का म्हणाल्या होत्या तसेच. पण घेराचे आकडे मांडल्यावर जे दिसलं ते गावातही कुणी बोललं नव्हतं. मोठे, १२० सेंटिमीटरांहून जास्त घेराचे अर्जुन रांगेने. खाली बोटभर उंचीची रोपंही कुठे कुठे. मधले नाहीत. ३० ते ६० सेंटिमीटर घेराचे अर्जुन २४ रेषांत मिळून पाच. पाच हा आकडा लहान आहे, त्याला क्षेत्राने गुणून गावाचा एकूण आकडा काढण्यात अर्थ नाही, आणि आम्ही तो काढला नाही. पण दिशा स्पष्ट होती. आजे आहेत, नातवंडं आहेत, मधली पिढी नाही.

कारण एकच असं म्हणता येणार नाही. जनावरं रोज तिथेच बसतात. वाळूचे ट्रॅक्टर उतरतात तिथे काठ तुटतो. धरणामुळे पुराची चाल बदलली असेल, पण ते आमच्या मोजणीतून सिद्ध होत नाही. साल काढण्याचं मात्र डोळ्यांसमोर होतं. औषधासाठी अर्जुनाच्या सालीला गिऱ्हाईक आहे. बाहेरून माणसं येऊन काही झाडांची साल सगळीकडून गोल सोलून गेली होती. तसं सोललेलं झाड उभ्या उभ्या वाळतं.

आराखड्यात काय आलं

नदीकाठ हा आता स्वतंत्र विभाग आहे. त्यात साग लावायचा नाही. झाडतोड पूर्ण बंद. साल काढायची तर ग्रामसभेच्या परवानगीने, मोठ्या झाडाचीच, खोडाच्या घेराच्या एक चतुर्थांशाहून कमी, उभ्या पट्टीत, आतला थर न दुखवता. त्याच झाडाला जखम भरेपर्यंत पुन्हा हात लावायचा नाही. जनावरांना पाण्यावर उतरायला तीन वाटा ठरल्या, मधला काठ त्यांना बंद. कोणत्या वाटा, हे गुराख्यांनी ठरवलं. मोहाखाली फुलं वेचायला जागा मोकळी करण्यासाठी पाला पेटवतात. तो पेटवायचा नाही, झाडून काढायचा, हा ठराव वरच्या जंगलासाठी होता, तो काठाच्या मोहांनाही लागू केला. गावातल्या बायकांनी जांभूळ, करंज, अर्जुनाचं बी गोळा करून रोपं केली, मोकळ्या जागांत लावली.

आराखडा ग्रामसभेने एकमताने मान्य केला, उपवनसंरक्षक कार्यालयात दिला, पोच मिळाली. कार्य आयोजना दहा वर्षांसाठी असते. चालू आयोजनेची मुदत संपायला वेळ आहे, म्हणून आमचा विभाग तिच्यात कधी आणि कसा उतरतो हे अजून बाकी आहे.

सगळं जमलं असं नाही. जनावरांच्या तीन वाटांपैकी एक कुणी पाळत नाही, कारण ती लांब पडते. लावलेल्या रोपांपैकी दोन ठिकाणची शेळ्यांनी खाल्ली. साल नेणारी माणसं एकदा रात्री येऊन गेली. वाळूचा प्रश्न तर गावाच्या हातात पूर्ण नाहीच, तहसीलला अर्ज दिला आहे.

पुन्हा करायचं तर

जाळी टाकायच्या आधी गावाला एकच विचारेन : तुमच्या जंगलात कुठे कुठे वेगळं वाटतं? नदीकाठ, नाले, देवराई, पाझराची जागा. ते तुकडे आधी वेगळे काढून प्रत्येकाला त्याच्या आकाराप्रमाणे मोजणी द्यायची. मोठ्या तुकड्याला चौकटी, अरुंद पट्ट्याला आडव्या रेषा. पहिल्याच दिवशी बायकांना बरोबर घेईन. पहिल्या फेरीत आमच्याबरोबर फक्त मुलं होती. मुलांना साग ओळखता येतो, जांभळाचं रोप अक्का ओळखतात.

नावांची चार भाषांतली यादी मोजणीआधी, नंतर नाही. मोजणीचे आकडे गावातच, त्याच आठवड्यात वाचून दाखवायचे. आम्ही दोन महिन्यांनी वाचले. सात दिवसांत वाचले असते तर मसुदाच वेगळा झाला असता. झाडं मे मध्ये आणि रोपं ऑक्टोबरात, दोन फेऱ्यांचा खर्च सुरुवातीलाच धरायचा. आणि ज्याचं शेत रेषेत येतं त्याच्या घरी आधी जायचं. हे सर्वेक्षणाच्या पुस्तकात नसतं म्हणून मागे पडतं, पण माझ्या हिशेबी ते टेपइतकंच लागतं.

खुणांचीही चूक झाली. आम्ही शून्याच्या बाजूला लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. पावसाळ्यातल्या पुरानंतर गेलो तेव्हा २० पैकी नऊ गेलेल्या. आता खूण वरच्या टोकाला, सपाटीवरच्या जवळच्या मोठ्या मोहावर रंगाने केली आहे. तिथून किती मीटर, कोणत्या दिशेने खाली, हे वहीत आहे. वही नांदेडला नाही, अक्कांच्या घरी लाकडी पेटीत आहे. पुढची मोजणी तीन वर्षांनी, दिवाळीनंतर पाणी उतरलं की. सोळाव्या रेषेचा टेप आपण धरणार असं दादांनी सांगून ठेवलंय.